पाठीमागचा कातळ

छायाचित्रणाचा छंद जडलेल्या मनुष्याला कॅमेऱ्याबरोबर मिळालेली 18 ते 55 मिलिमीटरची लेन्स अपुरी वाटू लागण्याचा एक काळ येतोच. आणि तो आला की, जीत अवघी सह्याद्रीची रांग मावेल अशी वाइड अँगल लेन्स घेऊन टाका, अशी मसलत त्याला चहूकडून मिळू लागते. मसलत देणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. परंतु सह्याद्रीची रांग ही या खरेदीची सर्वांत कच्ची सबब आहे, असे माझे मत आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर बसून 10 मिलिमीटरच्या भिंगातून पाहिले, तर दृश्य सगळे मावते खरे. पण ज्यांच्यासाठी एवढा चढ चढलो ते समोरचे डोंगर आक्रसून क्षितिजावरची निळसर रेघ होतात, आणि चित्राचा उरलेला सारा इलाखा रिकामे आकाश व पायाखालचा खडक यांच्या ताब्यात जातो. त्या दृश्याला 35 मिलिमीटर पुरे, प्रसंगी 55 अधिक बरे.

विशालकोनी भिंगाची निकड भासते ती पाठीमागे जागा नसते तेव्हा. वेरूळचे कैलास लेणे हा त्याचा उत्तम दाखला. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत आणून घडविलेले हे सुमारे 30 मीटर उंचीचे मंदिर ज्या प्रांगणात उभे आहे, त्याच्या सभोवती कातळाच्याच सरळ भिंती आहेत. ते समग्र नजरेत यावे म्हणून एकेक पाऊल मागे सरू लागावे, तो पाठ कातळाला टेकते. तेथे 18 मिलिमीटरमध्ये शिखर साधावे तर जोत्यावरची गजपंक्ती सुटते, गजपंक्ती साधावी तर शिखर कापले जाते. कॅमेरा वर उचलला, तर उभ्या रेषा एकमेकींकडे झुकून सारे मंदिर मागे कलंडल्यासारखे दिसते. यावर उपाय असा की, कॅमेरा समपातळीत धरावा, शिखर मावेल इतके रुंद भिंग लावावे आणि खालची अनावश्यक फरसबंदी मागाहून छाटून टाकावी.

रुंद म्हणजे किती, याची मात्र पैसे मोजण्यापूर्वी रुजुवात करून घ्यावी. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर त्याहून लहान, साधारण 23.5 बाय 15.6 चा. त्यामुळे मोठ्या सेन्सरवर दिगंत कवेत घेणारी 16 ते 35 ची भारी लेन्स लहान सेन्सरवर 24 ते 52 इतकीच दृष्टी देते, आणि गिऱ्हाइकाने प्रतिष्ठेपोटी मोजलेला पैसा वाया जातो. दुसरी गोष्ट अशी की, या टोकाला एकेका मिलिमीटरला किंमत असते. एपीएस-सी सेन्सरवर 10 मिलिमीटरचा कर्णकोन सुमारे 109 अंश भरतो, 12 चा सुमारे 99. म्हणजे दोन मिलिमीटरांत दहा अंश गेले. तेच 70 चे 72 केले, तर एक अंशाचाही फरक पडत नाही. म्हणून 12 पासून सुरू होणाऱ्या लेन्सपेक्षा 10 पासूनची मी पसंत करीन, मग तिचा वरचा आकडा 18 असो की 24.

एफ 2.8 चा हव्यास सर्वांनी धरण्याचे कारण नाही. तो एफ 4 पेक्षा दुप्पट प्रकाश आत घेतो, हे निर्विवाद. परंतु अजिंठ्याच्या अंधाऱ्या विहारात, जेथे फ्लॅशला मनाई आहे, तेथेही भिंतीवरचे बोधिसत्त्व जागचे हलत नाहीत, आणि हाताचा कंप आवरणारी यंत्रणा असलेली स्वस्त लेन्स त्यांचे काम भागवते. पोलरायझरही या भिंगावर जपूनच लावावा. एवढ्या रुंद आकाशात तो एका बाजूला गर्द निळा आणि दुसऱ्या बाजूला फिका पट्टा उमटवतो.

आणखी एक खोड सांगावयाची राहिली. सरळ रेषा सरळच उमटविण्याचे बंधन या भिंगांवर असते, आणि ते पाळण्यासाठी चित्राच्या कडेची प्रत्येक वस्तू त्यांना बाहेर ताणावी लागते. कैलासाच्या प्रांगणातला पाषाणाचा हत्ती असा ताणला गेला, तर त्याच्याकडून तक्रार येत नाही. परंतु लग्नसराईत, अडचणीच्या कार्यालयात, पाठ भिंतीला लावून दोन्हीकडचा गोतावळा एका चित्रात बसविताना कडेच्या खुर्चीवरच्या विहीणबाईंचे गाल आणि दंड प्रमाणाबाहेर रुंदावतात, आणि त्याचा जाब भिंगाला कोणी विचारीत नाही. तेव्हा कडेला समया, फुलांच्या कुंड्या, फार तर वराचे कॉलेजातले मित्र उभे करावेत आणि विहीणबाईंना आग्रह करकरून वधूच्या लगत मध्यभागी बसवावे. त्यांना तो मानही वाटतो.