सोनपेठचा कोयता आणि सर्वोच्च न्यायालय

१/ दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सोनपेठ तालुक्यातील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात; कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने देशभर फिरण्याचा व राहण्याचा हक्क दिला. पण पोटाचे काय?

२/ हा प्रश्न मुंबईच्या पदपथांवरून न्यायालयात गेला. १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्यास मुभाही दिली.

३/ १९७९चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. एकाच गावचे दोन कोयते: कर्नाटकात गेलेला कागदोपत्री कायद्यात, कोल्हापूरला गेलेला बाहेर!

४/ टाळेबंदीतील हालांनंतर, २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ३१ जुलैपर्यंत सर्व राज्यांत लागू करण्याचा आदेश दिला. येथे सीमेची अट नाही. कोल्हापूर असो वा कर्नाटक, घरचे रेशन तेथेही उचलता यावे.

५/ कामगाराचा हक्क त्याने कोणती सीमा ओलांडली यावर ठरू नये. रेशनला लावलेला हाच न्याय मजुरीला, उचलीच्या हिशेबाला आणि फडावरच्या मुलांच्या शाळेलाही लागला पाहिजे.