नंदुरबारला जेवाल कुठे?

मुलांनो, सुट्टीत आई-बाबांबरोबर नंदुरबारला आलात, तर सकाळी नाश्त्याला काय घ्याल? पोहे की फाफडा? दोन्ही मिळतं. सुरत-भुसावळ रेल्वेवरचं हे गाव. खानदेश आणि गुजरात इथे एकाच ताटात जेवतात. जवळच्या नवापूरचं तर स्टेशनच थोडं महाराष्ट्रात, थोडं गुजरातेत!

दुपारी मात्र साध्याशा खाणावळीत शिरा. शेवभाजी आणि कळण्याची भाकर मागा. ज्वारीत उडीद घालून दळलं की झालं कळणं. पाणी जवळ ठेवा हं, हे मिरचीचं गाव! हिवाळ्यात गावाबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात, जमीन कशी लालेलाल.

पण एक चव हॉटेलात सहसा सापडत नाही. माझ्या वर्गात सातपुड्यातला एक मुलगा डबा झाकून खायचा. मक्याची भाकर, उडदाची डाळ. "बाई, पोरं हसतात." मी माझी पोळी त्याला दिली, त्याची भाकर घेतली. खरं सांगू? माझी पोळी फिकी होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्याभोवती चौघं बसले, आणि तो बिचारा उपाशीच राहिला!

तेव्हा धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुणी मित्राने जेवायला बोलावलं, तर खाणावळ राहू द्या. आधी तिकडे जा, भाकर तव्यावर असतानाच.