पाठ कामगाराची मोडते, भांडण मात्र पाटीवरच्या शब्दाचे!



मी राहतो रायपूरच्या पुरानी बस्तीत. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या शहरात आहे आणि रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करणारी मराठी घरे आजही इथल्या गल्ल्यांतून आहेत. रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर जो येतो तो पगाराची तक्रार नंतर सांगतो, आधी कंबर धरून बसतो. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा, कोणाची मान. हा लेख त्या दुखण्याबद्दल आहे.

आमच्या गँगमधला एक साथी, वय एक्केचाळीस. स्लीपर सरकवताना कंबरेत चमक भरली. दवाखान्यात गेला, गोळ्या मिळाल्या, मलम मिळाले, सिकमध्ये राहिला. तीन आठवड्यांनी फिट सर्टिफिकेट हातात पडले आणि पुन्हा तीच पहार, तीच गिट्टी. महिन्याभरात तो परत आडवा. "भाऊ, पोरं लहान आहेत, आता कसं करू?" हे विचारताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. शेवटी बस्तीतल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने त्याला उभे केले. दीड महिना रोज व्यायाम करून घेतला. वजन उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, हे शिकवले. आज तो कामावर आहे. पण खर्च त्याच्या खिशातून गेला. बायकोचे कानातले गहाण पडले.

माझा प्रश्न साधा आहे. कंबर रेल्वेच्या कामात गेली, मग ती दुरुस्त करण्याचा खर्च गड्याच्या बायकोने का करावा?

जरा हिशोब करा. साठ किलोच्या रुळाचा तेरा मीटरचा तुकडा ७८० किलोचा होतो. काँक्रीटचा एक स्लीपर अडीचशे किलोच्या वर. यंत्रे आली हे खरे, पण जिथे यंत्र पोचत नाही तिथे आजही ट्रॅकमेंटेनरचीच पाठ पोचते. लोको पायलट तासन्‌तास हादऱ्यात बसतो. आरएमएसचा सॉर्टर रात्रभर उभा राहतो. पोस्टमन वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर थैली वाहतो. आणि ग्रामीण डाक सेवक? त्याला केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे कार्डसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे २४१ कोटी लोकांना पुनर्वसन उपचारांचा उपयोग होईल अशी दुखणी आहेत. त्यात सर्वात मोठा वाटा हाडे, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांचा. म्हणजे हे दुखणे एकट्यादुकट्याचे नाही. हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

आता सरकारने काय केले ते पाहा. २०२४ मध्ये रेल्वे भरती मंडळांनी पॅरामेडिकल भरतीची जाहिरात काढली. एकूण जागा १,३७६. त्यात नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या ७१३, फार्मासिस्टच्या २४६ आणि फिजिओथेरपिस्टच्या २०! आधीपासून कामावर असलेले काहीजण आहेत हे मान्य. पण सुमारे बारा लाख कर्मचारी, त्यांची कुटुंबे आणि पेन्शनर यांच्यासाठी साऱ्या देशात नव्या जागा वीस. गोळी देणारे हवेतच, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण गोळी दुखणे झोपवते, माणसाला उभे करत नाही.

काही साहेब म्हणतात, "डॉक्टरच पुरेसे नाहीत, मालिशवाले कुठून आणायचे?" हा अज्ञानाचा माज आहे. फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे. या देशात हे शास्त्र उभे राहिले तेच साथीच्या रोगातून. पोलिओने मुलांचे पाय लुळे पडत होते, त्या काळात १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली. महापालिकेच्या, गरिबांच्या रुग्णालयात निघाली, श्रीमंतांच्या क्लबात नव्हे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण लुळे पडलेले पाय लसीने परत येत नाहीत, त्यांना चालायला कोणीतरी शिकवावे लागते. कोविडच्या साथीत श्वास कोंडलेल्या रोग्यांना छातीचे व्यायाम देऊन बसते करणारेही हेच लोक होते.

पण बंधूंनो, दोष एकट्या सरकारचा नाही. थोडे परखड बोलतो.

आधी त्या पेशातल्या मंडळींशी. तुम्हाला देशपातळीवरचा कायदा मिळायला २०२१ साल उजाडले. तोही कागदावर पडून राहिला म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना तो अमलात आणा असे बजावावे लागले. एवढे असताना तुमच्या नावाने गाजते आहे काय? नावाआधी 'डॉक्टर' लावायचे की नाही! एप्रिल २०२५ च्या अभ्यासक्रमात तो शब्द दिला, सप्टेंबरमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढून नको म्हटले, आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतले. बड्या डॉक्टरांच्या संघटनाही या भांडणात हिरिरीने उतरल्या. मान मिळावा हे बरोबर आहे, कष्ट करणाऱ्याला मान हवाच. पण पाटीवरच्या शब्दाने रोग्याची कंबर सरळ होत नाही, आणि तुमच्यातल्या खाजगी रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मुलामुलींचे पोटही भरत नाही. रायपुरात फिजिओथेरपीचे सरकारी महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्याने नोकरी शोधायची कुठे? पाटीसाठी जेवढा आवाज काढता तेवढा जागांसाठी काढा, आम्ही तुमच्या शेजारी उभे राहू. तुम्ही पांढरा कोट घालता म्हणून कामगार नाही असे समजू नका. कंत्राटाचा कागद तुमच्याही गळ्यात आहे.

आता आपल्या स्वतःशी. महागाई भत्ता, बोनस, पेन्शन यांसाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवे होते. पण किती शाखांनी मागणीपत्रात फिजिओथेरपिस्टची जागा मागितली? मी सचिव आहे, माझ्याही कागदात ती नव्हती. तो साथी माझ्या ओट्यावर बसला तेव्हा माझी मान खाली गेली. अपंगत्व आल्यावर नोकरी जाऊ नये, हुद्दा खाली येऊ नये, हे संरक्षण २०१६ च्या कायद्याने दिले आहे आणि त्यासाठी आपण केसेस लढतो. पण माणूस अपंग होऊच नये यासाठी लढलो नाही.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. प्रत्येक रेल्वे रुग्णालयात कायम फिजिओथेरपिस्ट हवा, कंत्राटी नको. मोठ्या गँगच्या मुख्यालयात आणि आरएमएसच्या कार्यालयात त्याचा ठरलेला फेरा हवा, कारण दहा तास राबलेला माणूस शहरात उपचाराला जाऊ शकत नाही. फिट सर्टिफिकेट देण्याआधी काम झेपेल का हे त्याच्याकडून तपासून घ्यावे आणि तोवर हलके काम द्यावे. ग्रामीण डाक सेवकाला ही सोय मिळालीच पाहिजे. आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी फिजिओथेरपीची सोय असावी असे २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लिहिले आहे, ते आपल्या जिल्ह्यात खरोखर चालते का हे पेन्शनर बांधवांनी जाऊन पाहावे आणि चालत नसेल तर लेखी विचारावे.

पुढच्या शाखा बैठकीत प्रत्येकाने आपल्या गँगमधले, आपल्या टपाल कार्यालयातले दुखणे नावानिशी लिहून आणावे. किती जण, कोणते काम, किती दिवस सिक, किती खर्च. यादी हातात असेल तर साहेबाला टाळता येणार नाही.

रुळाचा जॉईंट सैल झाला तर गाडी थांबवतात. माणसाचा सांधा सैल झाला तर त्यालाच कामावर पाठवतात. हे आता चालू द्यायचे नाही.

कामगार एकजूट झिंदाबाद!

— शाखा सचिव, रेल्वे कामगार युनियन, पुरानी बस्ती, रायपूर