भेगा बुजवण्याआधी माती तपासा

तुमचे गाव काळ्या मातीच्या मुलखात असेल तर तिथल्या एकमजली इमारतींच्या भिंती जरा निरखून पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग कुठे ना कुठे आढळेलच. उन्हाळ्यात ती सिमेंटने बुजवतात, वर रंग देतात आणि एकदोन पावसाळ्यांत ती पुन्हा हजर होते. मग गवंड्याच्या नावाने बोटे मोडली जातात. माझ्या मते पुष्कळदा खरा दोष असतो तो माती न पाहता ‘नेहमीइतका’ पाया खणायला सांगणाऱ्यांचा.

या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याच्या अतिशय पातळ थरांमध्ये पाणी शिरले की थर दूर सरतात व माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. शेताला हे मानवते, कारण उन्हाळ्यात भेगाळून माती आपली आपण उलथीपालथी होते. घराचे तसे नाही. त्यातही हलक्या घराचे हाल अधिक! मातीचा वर येणारा रेटा दाबून धरण्याइतके वजनच त्याला नसते. बरे, सगळा पाया सारखाच उचलला गेला असता तर भिंत तडकली नसती. पण पावसात घराच्या कडेची माती भिजते, मधली कोरडी राहते आणि भिंत पिळवटते.

मुरूम लागेपर्यंत खणायचे, ही जुन्या लोकांची रीत शहाणपणाची होती. मुरूम फार खोल असेल तर? मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. कट्टी यांनी दाखवून दिले, की न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे १ मीटर जाडीचा थर नीट चोपून घातला, तर खालच्या काळ्या मातीचे फुगणे बरेच आवरते. वाळूने हे साधत नाही; तिच्यातून पाणी सहज खाली उतरते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खुंट सुचवले. ते सुमारे ३.५ मीटर खोल, म्हणजे जिथे ऋतूप्रमाणे ओलावा फारसा बदलत नाही तिथे, रोवतात. खर्च वाढतो, हे खरे. पण दर्शनी भिंतीच्या नक्षीला पैसे असतात, पायालाच तेवढे नसतात, हे मला पटत नाही.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. बारीक चाळलेली, सुकवलेली १० ग्रॅम माती १०० मि.लि.च्या दोन मोजपात्रांत घ्या. एकात ऊर्ध्वपातित पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढा व २४ तास थांबा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे तळाची माती १० मि.लि. आणि पाण्यात १८ मि.लि. भरली, तर फुगवटा ८० टक्के झाला. तो ५० टक्क्यांच्या वर गेला की सावध व्हावे. पायाचा आराखडा एवढ्यावर ठरत नाही, त्याला अभियंताच हवा. पण त्याला कोणता प्रश्न विचारायचा ते नक्की कळते. माती मात्र शेताच्या वरच्या थरातली घेऊ नका. गावात कोणाच्या घराचा पाया खणला जात असेल, तर मालकाला विचारून त्या खड्ड्याच्या तळाची आणा, आणि आलेला आकडा पाया भरण्यापूर्वी त्याच्या हाती द्या.