तटस्थांचा इतिहास आणि चवदार तळे

होलोकॉस्ट, म्हणजे नाझी जर्मनीने व तिच्या साथीदारांनी सुमारे साठ लाख ज्यूंची केलेली पद्धतशीर हत्या, हा युरोपचा विषय असून महाड-पोलादपूरच्या शाळांनी त्यावर तास का खर्चावेत, असा आक्षेप घेतला जातो. त्याला जोड दिली जाते ती अशी की शनिवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायली ज्यू याच कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात तेलघाणे चालवीत शतकानुशतके निर्धास्त नांदले, तेव्हा या पापात येथील समाजाचा वाटा नाही. यातील विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र टिकत नाही, कारण स्वतः हात न उचलणाऱ्यांवरही जबाबदारी येते.

युद्धात कोणत्याही बाजूने न उतरलेल्या, म्हणजे तटस्थ, स्वित्झर्लंडने एकही संहारछावणी उभारली नाही. तरीही 1938 मध्ये जर्मन ज्यूंच्या पासपोर्टांवर ‘जे’ अक्षराचा शिक्का बसला तो त्याच्याशी झालेल्या वाटाघाटींनंतर, आणि ऑगस्ट 1942 मध्ये सीमा बंद करून त्याने हजारो निर्वासितांना माघारी धाडले. या वर्तनाची छाननी करणाऱ्या बर्जिए आयोगाचा अंतिम अहवाल यायला 2002 साल उजाडले.

ज्यू जेथे सुरक्षित होते त्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, चवदार तळे अस्पृश्यांना खुले करणारा नगरपालिकेचा 1924 चा ठराव तीन वर्षे दप्तरातच पडून राहिला. 20 मार्च 1927 रोजी अस्पृश्यांच्या परिषदेसाठी महाडला आलेले डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी ते पाणी प्याले, तेव्हा वीरेश्वराच्या देवळात ते शिरणार अशी आवई उठवून परिषदेला आलेल्यांना झोडपण्यात आले, पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि 4 ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. लाठी उगारणाऱ्यांइतकीच या घटनाक्रमाची जबाबदारी ठराव कागदावर राहू देणाऱ्यांवर येते, आणि अभ्यासक्रमात नेमका हाच वर्ग निसटतो.

अशा सांगडीने ज्यूसंहाराचे गांभीर्य उणावते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विषारी वायूने केलेल्या हत्या आणि पाण्याची बंदी यांची बरोबरी होऊ शकत नाही, करूही नये; तुलना पीडितांच्या यातनांची नसून पाहणाऱ्यांच्या वागणुकीची आहे. तिच्यात उजळ बाजूही दिसते: बोर्दोचा पोर्तुगीज वाणिज्यदूत सोझा मेंदिश याने जून 1940 मध्ये सरकारी आज्ञा डावलून निर्वासितांना व्हिसा दिले, तर महाडला सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे सवर्ण कार्यकर्ते तळ्याच्या सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या दुसऱ्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान या स्थानिक मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली.