साक्षीदाराचा रंग

नोव्हेंबर १९५९. टेक्सासचा गोरा लेखक जॉन हॉवर्ड ग्रिफिन न्यू ऑर्लिन्सच्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेला. कोडावर देतात ती मेथॉक्सॅलेनची गोळी, अतिनील दिव्याखाली तासन्‌तास पडून राहणे, वरून रंगाचा हात आणि तुळतुळीत केलेले डोके, एवढ्यावर तो काळा झाला. नाव, कागदपत्रे, बोलणे, सारे तेच ठेवून तो सुमारे सहा आठवडे मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियात हिंडला. त्याचे ‘ब्लॅक लाइक मी’ १९६१ साली आले. त्याआधीच, मासिकात हकिगत छापून येताच, त्याच्या मॅन्सफील्ड गावात त्याचा पुतळा फासावर लटकवला गेला होता.

या पुस्तकाने काळ्यांचे जगणे आतून दाखवले, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. काळेपण म्हणजे आजोबांपासून पोटात मुरलेली भीती असते, मुलाला बाहेर पाठवताना द्यायच्या ताकिदी असतात. गोळी थांबवली की परत गोरे होता येणाऱ्याला ते सहा आठवड्यांत कुठून कळणार? मराठीत ‘बलुतं’ या दलित आत्मकथनापासून, म्हणजे १९७८ पासून, स्वानुभव आणि सहानुभूती यांतला भेद आपण घोकत आलो आहोत, तो इथेही लागू आहे. पण त्यामुळे पुस्तक बाद होत नाही. ग्रिफिनने आतून पाहिला तो गोरा समाज. माँटगोमेरीत तर तो त्याच भागातून आधी काळा म्हणून आणि लगेच गोरा म्हणून फिरला. माणूस तोच, कातडी तेवढी वेगळी. वागणूक मात्र उलटीपालटी. काळा माणूस आळशी म्हणून, अशिक्षित म्हणून मागे राहतो, ही सबब या प्रयोगापुढे टिकली नाही.

मग हे सांगायला गोराच कशाला हवा होता? काळ्या लेखकांपैकी फ्रेडरिक डग्लसने १८४५ मध्ये, डू बॉइसने १९०३ मध्ये, रिचर्ड राइटने १९४५ मध्ये हेच लिहिले होते, आणि फुकटचा नव्हे, भोगलेला पुरावा देऊन. यावर कोणी म्हणेल, दक्षिणेतला गोरा वाचक त्यांचे ऐकत नव्हता, ग्रिफिनचे ऐकले; निकाल लागल्याशी कारण. युक्तिवाद वजनदार आहे आणि ग्रिफिनच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याची साक्ष पक्षपाती आणि अन्याय करणाऱ्यांपैकी एकाची तटस्थ, हा न्याय मुळात वर्णभेदाचाच. त्या पुस्तकाचा खप हा एका परीने त्यातल्या आरोपाचा आणखी एक पुरावा ठरतो.

ग्रिफिनला हे उमगले होते. पुढे साठच्या दशकात शहराशहरांत दंगली पेटल्या, तेव्हा तिथली गोरी पुढारी मंडळी सल्ल्यासाठी त्याला बोलावू लागली. तुमच्याच गावातल्या काळ्या माणसांना विचारलेत का, असे तो त्यांना विचारी.