कुणाच्या लेकराचं पाणी?

"गुडघ्यात गर्भजल सोडू. बाळाला नऊ महिने जपणारं पाणी ते, तुमचा सांधा जपणार नाही?" नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टर मामांना समजावत होते. मामा लोह्याचे. सुईची किंमत ऐकताच त्यांनी मनात सोयाबीनची पोती मोजली असणार. मग विचारलं, "पण कुणाच्या लेकराचं पाणी?"

"कंपनीचं," डॉक्टर म्हणाले.

बाळाला जपतं म्हणून म्हाताऱ्याचा सांधाही जपेल, ही उपमा झाली, पुरावा नव्हे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजलाचा मोठा भाग बाळाच्या लघवीचाच असतो. हे हिणवायला सांगत नाही. त्यात प्रथिनं आणि पेशींच्या वाढीला चालना देणारे घटक असतात, हे खरंच. पण घटक असणं वेगळं आणि गुडघा बरा होणं वेगळं.

'त्यात जिवंत मूळ पेशी असतात' हा दावा तर आपल्याच पायात अडकतो. शेवटी गामा किरणांनी निर्जंतुक केलं असेल, तर पेशी मेल्या. केलं नसेल, तर एका बाईच्या अंगातलं द्रव दुसऱ्याच्या सांध्यात कोणत्या भरवशावर सोडता? अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून केलेली अशीच इंजेक्शनं घेतलेल्या किमान १२ जणांना जिवाणूसंसर्ग झाला. अशी इंजेक्शनं परवानगीविना विकणाऱ्यांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेली सवलतही मे २०२१ अखेर संपली. बरं करण्याचा दावा करून गर्भजल विकायचं, तर आता औषधासारखी परवानगी लागते.

पण म्हणून सगळंच थोतांड म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. पाणी सोडा, पाणमोट पाहा. तिचा आतला पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, त्यात ना रक्तवाहिनी ना मज्जातंतू. भाजलेल्या कातडीवर पसरला की चिकटून बसतो, ओल धरतो, आग कमी करतो. रोज पट्टी ओढून काढताना फुटणारी किंकाळी टळते. १९१० पासून वैद्यकाला हे ठाऊक आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. तिथे मातेच्या एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोगाच्या तपासण्या करायच्या, पडदा धुऊन वाळवायचा, पाकिटात बंद करून गामा किरणांखाली ठेवायचा. इथे कुणी 'जिवंत' म्हणून विकत नाही. पडदा मेलेला असतो आणि स्वच्छ असतो, तेच त्याचं बळ. शिवाय पाकिटावरच्या क्रमांकावरून मातेच्या तपासण्यांपर्यंत मागे जाता येतं. मामांच्या प्रश्नाला तिथे उत्तर आहे.

'मुंबईचं ठीक, मराठवाड्यात कुठे जमणार?' असं म्हणणाऱ्यांना मी नांदेडच्या विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दाखवतो. दोन्हीकडे सिझेरियन होतात, म्हणजे पडदा हाताशी आहेच. रक्तपेढ्या याच रोगांच्या तपासण्या रोज करतात. गरज आहे ती मातेच्या संमतीची, शीतपेटीची आणि मुंबईच्या टिश्यू बँकेशी बांधलेल्या धाग्याची. नवी इमारत नको, भूमिपूजनही नको.

पडद्यालाही डोक्यावर घेऊ नये. उसाच्या फडात अनवाणी राबणाऱ्याच्या पायाला मधुमेहाची जखम असेल, तर आधी मेलेलं मांस काढावं, साखर आटोक्यात आणावी, त्या पायावरचा भार काढावा. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस भार कसा काढणार, हा प्रश्न कोणत्याच पडद्याने झाकत नाही.

आमच्या आज्या वार परसात पुरायच्या, वर दगड ठेवायच्या. आता सिझेरियन आटोपलं की मावशी वारेसकट तो पडदा पिवळ्या पिशवीत टाकतात, गाठ मारतात, आणि संध्याकाळच्या गाडीने तो जाळायला जातो.